बार्शीची बोट

“संडास कुठंय?”

बोटीवर पाय ठेवल्या ठेवल्या मी विचारलेला हा पहिला प्रश्न. आमच्या ह्यांनी असं तोंड केलं, की जसं काही मी गाभाऱ्यात उभी राहून चपलांचा भाव विचारला. कॅप्टन मुकादम मात्र बिचकले नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, बारीक कापलेली पांढरी दाढी, गुडघे गेल्यामुळं पाय फाकवून चालणारा. जन्मभर मोठ्या जहाजांवर नोकरी केली आणि नंतर बायकोला घेऊन ह्या शिडाच्या बोटीवर राहिले. आता बायको नव्हती आणि गुडघेही नव्हते, म्हणून बोट विकायला काढलेली. ते चार पायऱ्या उतरून बोटीच्या पोटात गेले, एक अरुंद दार उघडलं आणि बाजूला झाले.

मी आत डोकावले. “ह्याला संडास म्हणता? आमच्याकडं कोंबड्यांचं खुराडं ह्याच्याहून ऐसपैस असतं.”

“कोंबड्यांना समुद्रावर जायचं नसतं, ताई.”

“मलाही जायचं नाहीये.”

“अगं प्रमिला, आधी सगळं बघ तरी,” हे माझ्या मागून कुजबुजले.

बघायलाच तर आले होते. बघायचं आणि ‘नाही’ म्हणायचं. बार्शीहून एसटीत बसले तेव्हापासून तो ‘नाही’ माझ्या जिभेवर तयार होता.

आमचं गाव बार्शी. तिथून समुद्र किती लांब ते सोडा, आधी नळाला पाणी कधी येतं ते विचारा. आणि अशा गावात जन्मलेल्या, वीज मंडळात खांबावर चढून नोकरी केलेल्या माझ्या नवऱ्याला, नागनाथ बारबोल्यांना, शिडाच्या बोटीचं वेड. कुठून लागलं ते त्या भगवंतालाच ठाऊक. लग्नात मला वाटलं, कुणाला पत्त्यांचं वेड असतं, कुणाला तमाशाचं, ह्यांना नकाशांचं आहे तर असू दे बापडं. पण ते वाढतच गेलं. एकदा माझ्या भावाच्या शेततळ्यात स्वतः होडी बांधून सोडली. त्या साली पाऊसच झाला नाही. होडी तळ्याच्या भेगाळलेल्या बुडावर बसून राहिली, आणि येणारे-जाणारे विचारायचे, “काय खलाशी, आज वारा कसा काय?” मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. हे मात्र हसून वारा कुठल्या दिशेचा आहे ते खरंच सांगायचे.

मग मी शाळेतून निवृत्त झाले. झेडपीच्या शाळेत पोरांना गणित शिकवून शिकवून घसा बसलेला, आणि हातात फंड आलेला. ह्यांनी दाभोळच्या बोटीचा फोटो दाखवला. मी फोटो उलटा ठेवला. ह्यांनी पुन्हा सुलटा केला. असं पंधरा दिवस चाललं. शेवटी मीच म्हणलं, “हे बघा, मी एकदा येते. डोळ्यांनी बघते. मी ‘हो’ म्हणाले तर घ्या. ‘नाही’ म्हणाले तर पुन्हा जन्मात बोटीचं नाव काढायचं नाही. नकाशे रद्दीत.”

“शब्द?” हे म्हणाले.

“शब्द.”

माझा नवरा शब्दाचा पक्का. म्हणून तर मला जोर चढला होता. एका ‘नाही’त आयुष्यभराची कटकट मिटणार होती.

बोटीचं नाव ‘बिजली’. आमचे हे वीज मंडळातले, त्यांना तो शकुनच वाटला. ती दाभोळच्या खाडीत नांगर टाकून उभी होती, एका डोलकाठीची, पांढरी, बरीच जुनी पण अंगानं नेटकी. धक्क्यावरून लहान होडीनं तिच्यापर्यंत जाताना कॅप्टननी सांगून टाकलं, “एक हॉटेलवाला मागे लागलाय. त्याला ही खाडीत बांधून वर टेबलं मांडायचीत. आज संध्याकाळी त्याला काय ते कळवायचंय मला.” हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला. बोटीवर टेबलं! त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बगळ्यांकडं पाहिलं.

तर संडास झाला. मग कॅप्टननी पुढच्या टोकाची खोली दाखवली. त्रिकोणी पलंग, डोक्याशी रुंद आणि पायाशी निमुळता.

“म्हणजे नवरा-बायकोनं पायात पाय अडकवूनच झोपायचं की काय?”

कॅप्टनना ठसका लागला. ह्यांचे कान लाल झाले. साठीला आलेला माणूस, पण कान अजून लाल होतात.

स्वयंपाकघर म्हणजे एका माणसाला उभं राहून स्वतःभोवती गोल फिरता येईल एवढी जागा. शेगडी दोन बाजूंनी अडकवलेली, हात लावला की झुलायची. “ही पाळण्यात का घातलीय?” मी विचारलं.

“बोट कलली तरी शेगडी सरळ राहते. भांडं सांडत नाही.”

ही गोष्ट मला आवडली. पण आवडलं तर दाखवेन ती मी कसली! “बरं,” म्हणलं आणि पुढं झाले. फळ्या उचलून पाहिल्या, कपाटं हुंगली, कोपऱ्यात बोट फिरवून ओल बघितली. देव कुठं ठेवायचे, कपडे कुठं वाळत घालायचे, पापड वाळवायचा झाला तर कुठं, सगळं विचारलं. कॅप्टन प्रत्येकाला उत्तर देत होते, आणि वैताग असा काही नाही. हे मधूनच वर जाऊन एखादा दोर हातात धरून उभे राहायचे. मी खालून पाहिलं, दोराला असा हात लावत होते जसा आपण जत्रेतल्या बैलाच्या वशिंडाला लावतो. मला कुठंतरी आत चर्र झालं. मी मान वळवली.

मग मी नळ सोडला. पाणी येईना.

“खाली पायाशी पंप आहे. पायानं दाबायचं, की दाबाल तेवढंच येतं,” कॅप्टन म्हणाले. “मुद्दाम केलंय. हातानं उघडायचा नळ माणूस उघडा विसरतो.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हे नीट सांगितलं पाहिजे, नाही तर तुम्हाला वाटायचं ही बाई भांडखोरच दिसते. भांडखोर मी आहेच, पण त्याला कारण होतं. मी पाण्याला घाबरत नव्हते. मी पाणी मोजायला कंटाळले होते. बहात्तरच्या दुष्काळात मी सहावीत. आई आम्हा तिघा भावंडांना एकाच कळशीत आंघोळ घालायची, घमेल्यात उभं करून. घमेल्यात साठलेल्या पाण्यात कपडे, आणि कपड्यांचं उरलं ते म्हशीला. डीएडला पुण्याच्या हॉस्टेलवर गेले तर मुली धो धो नळ सोडून दात घासायच्या आणि मी अर्ध्या फुलपात्रात तोंड धुऊन मोकळी. मला ‘थेंब’ म्हणायच्या. “आली बघा थेंब!” मी खोलीत जाऊन रडायची. सवय गेली नाही ती नाहीच. लग्नानंतर टँकर, रांगा, हंड्यावरून मारामाऱ्या. शेवटी बोअर लागली, गच्चीवर टाकी बसली, स्वयंपाकघरात तोटी आली. निवृत्तीच्या दिवशी मी मनाशी म्हणलं होतं, प्रमिला, आता पाणी मोजायचं नाही. संपलं ते.

आणि हा माणूस मला पायानं दाबायचा पंप दाखवत होता.

“टाकी केवढी?” मी विचारलं.

कॅप्टननी एक सुस्कारा टाकला. “दोनशे लिटर. खरं सांगू का ताई, गिऱ्हाइकं इथंच बोटीवरून उतरतात. मुंबईचे एक डॉक्टर आलेले, त्यांच्या मंडळींनी विचारलं, हे एका दिवसाचं का?”

ह्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, झालं, आता पडणार कुऱ्हाड. आणि पडणारच होती. पण माझ्या तोंडून निघून गेलं भलतंच.

“दोनशे? म्हणजे एक बॅरल. दोन माणसांना महिनाभर जाईल की.”

कॅप्टन हसले. नुसतं गालात नाही, चांगलं दाढी हलेपर्यंत हसले. “महिनाभर! ताई, मी आणि माझी सकीना पंधरा दिवस काढायचो, तर लोक तोंडात बोटं घालायचे. बोलायला काय, कुणीही बोलतं.”

झालं. माझ्या हिशेबाला कुणी हसलं की मी फळ्यासमोर असल्यासारखी उभी राहते. “बोलायला काय म्हणजे? आज जेवण इथंच आहे ना? दाखवतेच तुम्हाला.”

“दाखवा की,” कॅप्टन म्हणाले. “पण आधी बोट तर बघा. उभी बोट म्हणजे अर्धी बोट. चला, बाहेर नेतो तिला.”

कॅप्टननी लहान इंजिन लावून नांगर उचलला. सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत होता आणि ओहोटीचं पाणीही तिकडंच ओढत होतं. अंजनवेलचा दीपस्तंभ डावीकडं ठेवून आम्ही खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो. मग कॅप्टन ह्यांना म्हणाले, “बारबोले, ओढा तो दोर.” ह्यांनी ओढला. शीड फडफडत वर चढलं, मग वाऱ्यानं एकदम भरलं. कॅप्टननी इंजिन बंद केलं.

आवाज थांबला ना, तेव्हा मी पहिल्यांदा गप्प झाले. बोट पळत होती, आणि तिला कोणी ढकलत नव्हतं, ओढत नव्हतं. फक्त बाजूनं पाण्याची खळखळ. माझ्या हातावर काटा उभा राहिला. मी पदर खोचला आणि कॅप्टनशेजारी बसले.

आणि आमचे खलाशी? लाटांवर बोट डुलायला लागून घटका झाली नसेल, ह्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग हिरवट. “प्रमिला, मला जरा…” एवढंच म्हणाले आणि कठड्यावर ओणवे झाले. सकाळचे पोहे समुद्राला. मग चहा. मग पोटात काही नसतानाही नुसतं उमळत राहिले. मी पाठीवरून हात फिरवला, लिंबू हुंगायला दिलं. शेवटी फळीवर आडवे होऊन डोळ्यांवर रुमाल टाकून पडले.

“अहो, वळवायची का?” मी विचारलं.

“नको,” रुमालाखालून आवाज आला. “अजून… बघू दे तुला.”

बघायचं त्यांना होतं, आयुष्यभर, आणि डोळे मिटून पडले होते. मला हसू येईना. घरी असते तर हसले असते.

उन्हं वर आली तशी कॅप्टननी शीड जरा सैल केलं, बोट संथ झाली. जेवायला बसलो. कॅप्टननी भात आणि सुक्या जवळ्याची चटणी आणलेली. मी शिदोरी सोडली, आपली नेहमीची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. कॅप्टननी भाकरी हातात घेतली, वाजवून पाहिली, मोडली. पापडासारखी कट्‌कन मोडली.

“ही कधी केलेली?”

“झाले की तीन आठवडे.”

“तीन आठवडे?” त्यांनी तुकडा तोंडात टाकला. “आणि किती टिकते?”

“कोरडी ठेवली तर दोन महिने काढते. आमच्याकडं सुगीला, जत्रेला, हीच. पाणी नाही, सरपण नाही, तर रोज कोण चूल पेटवणार? एकदाच थप्पी करून ठेवायची.”

कॅप्टन चावत राहिले. दुसरा तुकडा घेतला, चटणी लावली. मग आणखी एक. “जहाजावर आम्हाला बिस्किटं द्यायचे,” ते म्हणाले. “किडे झटकून खायची. आणि इकडं बार्शीत…” म्हणत पुन्हा भाकरीकडं वळले. ह्यांनी रुमालाची कड उचलून पाहिलं आणि भाकरीच्या वासानं परत झाकून घेतला.

जेवणं झाली. तीन ताटल्या नव्हत्या, दोनच, कारण तिसरं माणूस आडवं होतं. दोन वाट्या, भाताचं पातेलं, पळी, दोन फुलपात्रं. मी म्हणलं, “समुद्राचं पाणी घेतलं तर चालेल?”

“समुद्र हवा तेवढा घ्या. तो मोजत नाही मी.”

मी बादली दोरीनं खाली सोडली आणि खारं पाणी ओढून घेतलं. आधी भाकरीच्या चुऱ्यानं भांडी कोरडीच पुसली, तेल-तिखट सगळं चुऱ्यात आलं, तो चुरा माशांना. मग काथ्यानं खाऱ्या पाण्यात घासली. मग एक फुलपात्रभर गोडं पाणी घेतलं, पायानं पंप दाबून, मोजून. ते पहिल्या वाटीत ओतलं, वाटी फिरवली, तेच पाणी दुसऱ्या वाटीत, तिथून ताटलीत, ताटलीतून ताटलीत, शेवटी पातेल्यात. प्रत्येक भांड्याला ते पाणी कडेकडेनं फिरवायचं, हाताच्या एका झटक्यात. हे शिकवून येत नाही, मनगटात असावं लागतं. पातेल्यात उरलेल्या पाण्यात हात धुतले, आणि त्याच पाण्यात फडकं भिजवून जेवायची जागा पुसली. फडकं पिळून वाळत टाकलं. भांडी उन्हात उपडी ठेवली.

“हे घ्या,” म्हणलं. “एक फुलपात्र. हात धरून, लादी धरून.”

कॅप्टन मघापासून सुकाणूचा दांडा काखेत धरून माझ्याकडं बघत होते. हसत नव्हते. ते उठले, एक वाटी उचलली, उन्हात तिरपी धरून पाहिली, नखानं कड खरवडली. वास घेतला. मग हातातला दांडा माझ्याकडं ढकलला. “धरा जरा. डोलकाठीचं टोक त्या ढगावर ठेवा,” म्हणाले आणि खाली गेले.

मी धरला. न धरून काय करते! दांडा जिवंत असल्यासारखा हातात वळवळला. मी जोर लावला तर बोट भलतीकडं वळली, शीड फडफडलं. जोर सोडला तर पुन्हा शहाण्यासारखी सरळ. वर्गातली दांडगी पोरं अशीच असतात, दाबलं की उसळतात. मी हात हलका ठेवला. बोट ऐकायला लागली.

कॅप्टन वर आले ते मोठा नकाशा घेऊन. माझ्या शेजारी फळीवर पसरला आणि चारी कडांवर धुतलेली भांडी ठेवली.

“हे दाभोळ,” त्यांनी बोट ठेवलं. “एक टाकी पाणी. मुंबईच्या डॉक्टरांना द्या. ते इथपर्यंत जातील.” बोट जरासं सरकलं. “जयगड. मग पाणी भरायला आत शिरावंच लागेल. मी आणि सकीना. आम्ही इथं गेलो.” बोट खाली, निळ्यात, बारक्या ठिपक्यांशी थांबलं. “लक्षद्वीप. चार वेळा. तिथून पुढं जायची हिंमत झाली नाही, पाणी पुरेना. सकीनाला केस धुवायचे असायचे.” त्यांनी नकाशाची सुरकुती तळव्यानं सपाट केली. “आणि तुम्ही. महिनाभर म्हणालात ना? मी हसलो, माफ करा.”

त्यांनी हाताची वीत टाकली. दाभोळवर टेकवलेली करंगळी तिथंच, आणि अंगठा सगळा निळा समुद्र ओलांडून पलीकडं जमिनीला लागला.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“आफ्रिका. हे झांझिबार. आमच्या पणजोबांच्या काळात इथून गलबतं जायची, थंडीतला वारा धरून. ताई, तुमच्या हातानं ही बोट आफ्रिकेला पोचेल.”

मी नकाशाकडं बघत राहिले. आधी वाटलं, मला राग आलाय, खरं सांगते. मग कळलं की राग नाही. त्या घमेल्यातल्या आंघोळीपासून मी पाणी वाचवत आले होते आणि वाचवलेलं पाणी कधी कुठं गेलं नव्हतं. उद्याचा दिवस निघायचा, बस. उद्या पुन्हा रांग. आणि हा म्हातारा सांगत होता, की इथं वाचवलेलं प्रत्येक फुलपात्र म्हणजे पुढं जायला आणखी एवढा समुद्र. कंजूसपणा म्हणून जे सगळ्यांनी हिणवलं, त्यानं अंतर कापता येतं! मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण हातात दांडा होता.

तेवढ्यात ह्यांनी रुमाल बाजूला केला. कसेबसे कोपरावर उठले. डोळे खोल गेलेले.

“प्रमिला,” ते म्हणाले, “चल घरी. माझ्यानं नाही व्हायचं हे. उगीच तुझा फंड… उगीच तुला इतक्या लांब आणलं. तू काही म्हणू नकोस, मीच म्हणतो. नाही घ्यायची बोट. नकाशे देऊन टाकू रद्दीत.”

घ्या! ज्या ‘नाही’साठी मी बार्शीहून अंग मोडत आले, तो ह्यांनीच माझ्या ओंजळीत आणून टाकला. मला एक शब्द बोलायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसायचं, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. भांडण नाही, दोष नाही, जन्माची कटकट मिटली.

कॅप्टन म्हणाले, “अहो बारबोले, मी पहिल्या फेरीला आठवडाभर ओकत होतो. कप्तान झालो तरी बंदर सोडलं की पहिला दिवस लिंबू चोखायचो. पोट शिकतं.” पण आवाजात जोर नव्हता. त्यांनी किनाऱ्याकडं पाहिलं आणि घड्याळात पाहिलं. त्यांनाही हॉटेलवाला आठवला असणार. “ताई, वारा फिरला बघा. आता समुद्रावरून यायला लागला. वळवा बोट, हाच वारा आपल्याला आत घेऊन जाईल.”

मी मागं वळून पाहिलं. दीपस्तंभ आगपेटीतल्या काडीएवढा झाला होता. पुढं काही नव्हतं. ना रांग, ना टँकरवाला, ना कुणाची पाळी. नुसतं चकाकणारं पाणी, पिता न येणारं, आणि बुडाखाली आमचं एक बॅरल, फुलपात्रभर कमी.

“वळवा, ताई.”

“अजून थोडं पुढं जाऊ,” मी म्हणलं.

हे अर्धवट उठलेले तसेच राहिले. “काय म्हणालीस?”

“ऐकू येत नाही का? पुढं जाऊ म्हणलं. आणि कॅप्टनसाहेब, तुमच्या त्या टेबलवाल्याला कळवून टाका, बोट गेली म्हणून.”

“कुणाला गेली म्हणून सांगू?” कॅप्टननी विचारलं. दाढी हलायला लागली होती.

“बार्शीच्या बाईंना. कागद माझ्या नावानं होतील. हे भांडी घासतील, मी शिकवीन. आणि ती नकाशाची घडी नीट घाला, रद्दीत जायची नाहीये ती.”

ह्यांनी उभं राहून दोन्ही हात वर केले आणि खांबावरून उतरलेल्या वायरमनसारखे मोठ्यानं ओरडले, “ए ऽ ऽ ऽ!” समुद्रावर ऐकायला कोणी नव्हतं. लगेच तोंडावर हात दाबून कठड्याकडं पळाले. ओकता ओकता हसत होते, हसता हसता ओकत होते. कॅप्टन मांडीवर थाप मारत होते. मी मात्र डोळे ढगावरून काढले नाहीत. दांडा हातात असताना इकडं-तिकडं बघायचं नसतं, एवढं मला तोवर कळलं होतं. गालावरून काहीतरी ओघळत होतं ते मी पुसलं नाही. त्या दिवशी मोजायचा कंटाळा केला.

कॅप्टननी आम्हाला दोन हंगाम शिकवलं. ह्यांचं पोट दुसऱ्याच महिन्यात वठणीवर आलं. आम्ही आधी मालवणपर्यंत गेलो, मग कारवार, मग लक्षद्वीप. तिसऱ्या वर्षी संक्रांत झाल्यावर, थंडीतला वारा धरून, कडक भाकरीची थप्पी पत्र्याच्या डब्यांत भरून आम्ही निघालो, आणि एका सकाळी ह्यांनी डोलकाठीला धरून पुढं बोट दाखवलं. हिरवी जमीन. टाकीत अजून पाणी होतं.

झांझिबारचा बंदरावरचा साहेब कागद तपासायला आला. बोटीच्या मागच्या बाजूला नाव असतं आणि खाली तिच्या गावाचं नाव असतं, अशी रीत आहे. ते मी दाभोळच्या रंगाऱ्याकडून मोठ्या अक्षरांत, आपल्या आणि इंग्रजी अशा दोन्ही लिपींत लिहून घेतलेलं. साहेबानं ते वाचलं. फोन काढून त्यावर नकाशा उघडला. बोटानं मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. मग कपाळाला आठ्या घालून ह्यांना इंग्रजीत काहीतरी विचारलं.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

“म्हणतो, ह्या बार्शीच्या आसपास समुद्र दिसत नाही. तिथं बंदर कुठं आहे, विचारतोय.”

“सांगा त्याला,” मी म्हणलं, “आत्ता तुमच्याच धक्क्याला लागलंय.”

ह्यांनी सांगितलं. साहेबानं एकदा माझ्याकडं पाहिलं, माझ्या खोचलेल्या पदराकडं पाहिलं, आणि हसून शिक्का मारला.